गाडीच्या रंगावरचे हट्टी डाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साध्या धुण्याने न निघणाऱ्या डागांबद्दल जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे तीन प्रश्न सगळ्यांनी वाचावेत, पुढे आपापल्या डागाकडे वळावं. एकच गोष्ट दोनदा सांगायला लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डाग रंगाच्या वर बसलाय की रंगात उतरलाय, हे कसं ओळखायचं?

गाडी शॅम्पूने धुऊन कोरडी करा आणि डागावरून बोटाचं टोक अलगद फिरवा. उंचवटा किंवा खरखर लागली तर काहीतरी वर चिकटलेलं आहे; ते विरघळवून किंवा उचलून काढता येतं. बोट गुळगुळीत सरकतंय, पण तिरप्या उजेडात डागाची कडा दिसतेय, तर वरचा थर खाल्ला गेला आहे. अशा डागावर कोणतंही द्रावण चालत नाही, कारण काढायला तिथे काही उरलेलंच नसतं. तिथे पॉलिश लागतं (प्रश्न १३).

मग नखाची धार डागावर आडवी फिरवा. नख अडकलं तर खड्डा खोल आहे आणि पॉलिशने तो फार तर फिका होईल. बोटाला नीट अंदाज येत नसेल तर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून तोच भाग चाचपा. उघड्या बोटाला न जाणवणारी कचकच पिशवीतून स्पष्ट कळते.

२. घासलं तर बिघडतं काय? रंग एवढा नाजूक असतो का?

नाजूक नसतो, पण पातळ असतो. कारखान्यात रंगवलेल्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. त्यात सर्वात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉनचा. चमक आणि उन्हापासूनचं संरक्षण दोन्ही त्याच्याकडेच असतं. पॉलिशच्या एका हाताने एक-दोन मायक्रॉन जातात, खरखरीत कंपाउंडने (म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशने) त्याहून जास्त. गेलेला थर परत येत नाही. त्यामुळे डाग घासण्याआधी भिजवणं आणि विरघळवणं हे मार्ग संपवायचे. कोरड्या डागावर जोर लावला की डागापेक्षा मोठं ओरखड्यांचं वर्तुळ तयार होतं, आणि मग ते काढायला खऱ्या अर्थाने रंग खर्च होतो.

३. डाग कशाचा आहे तेच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

सर्वात सौम्य उपायाने, आणि पॅनेल थंड असताना सावलीत. तळहाताची मागची बाजू पत्र्यावर आरामात टेकवता आली पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर कोणतंही द्रावण लगेच वाळतं आणि त्याचाच नवा डाग पडतो.

आधी कोमट पाणी आणि कार शॅम्पूत भिजवलेला मायक्रोफायबरचा कपडा डागावर दहा मिनिटं ठेवा. फरक पडला नाही तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (चीक, मार्कर, गोंद यांवर चालतं), मग टार रिमूव्हर (काळं, तेलकट काहीही), मग पाण्यात निम्मं व्हिनेगर (पांढरे, खारे डाग), मग आयर्न रिमूव्हर (तपकिरी ठिपके). यातल्या दोन गोष्टी कधीही एकत्र करू नका. एक वापरून झाली की भरपूर पाण्याने धुवा, मगच दुसरी. व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो श्वासात जाणं धोक्याचं. हे सगळं करूनही खरखर राहिली तर क्ले बार, म्हणजे चिकटलेले कण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा (प्रश्न ९), आणि पॉलिश सर्वात शेवटी.

नवं द्रावण आधी पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा दाराच्या चौकटीत लावून पाहा. कपड्यावर गाडीचा रंग उतरला किंवा पृष्ठभाग चिकट झाला तर तिथेच थांबा.

४. पक्ष्यांची विष्ठा धुतली, पण तिचा ठसा राहिला. तो जातो का?

उथळ असेल तर बहुतेक वेळा जातो. ठसा का पडतो ते कळलं की उपायही कळतो. विष्ठेत यूरिक आम्ल असतं, ते क्लिअर कोटवर काम करतंच. त्याशिवाय दिवसा पत्रा तापला की क्लिअर कोट मऊ होऊन फुगतो, संध्याकाळी थंड होताना आकसतो, आणि वर वाळून टणक झालेल्या विष्ठेचा खडबडीतपणा त्यात उमटतो. म्हणून थंडीत तीन दिवस राहिलेली विष्ठा पुसून निघते आणि कडक उन्हात तीच काही तासांत ठसा उमटवते.

काढताना वाळलेला गोळा पुसू नका. त्यात बिया आणि वाळूचे कण असतात. टिश्यू पेपरची जाड घडी कोमट पाण्यात भिजवून वर दहा मिनिटं ठेवा, मग चिमटीत धरून सरळ वर उचला. उरलेलं दुसऱ्या ओल्या घडीने, पुन्हा उचलूनच.

ठसा राहिला तर आधी ऊब देऊन पाहा. केस वाळवायचा ड्रायर १५ ते २० सेंटिमीटर लांब धरून सतत हलवत ठेवा. पत्रा हाताला गरम लागावा, पण चटका बसू नये. क्लिअर कोट सैल झाला की उथळ ठसा पुष्कळदा बराचसा भरून निघतो. उरलेल्यासाठी प्रश्न १३. दुरुस्तीच्या दुकानात असते तसली हीट गन वापरू नका, तिने प्लास्टिकचा बंपर काही सेकंदांत वाकडा होतो.

५. पाण्याचे पांढरे गोल डाग कितीही पुसले तरी परत दिसतात. काय करायचं?

पाणी उडून जातं, त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मागे राहतं. ओल्या कपड्याने पुसलं की डाग ओला होऊन दिसेनासा होतो, वाळला की परत हजर. हे क्षार साबणाने विरघळत नाहीत, त्यांना सौम्य आम्ल लागतं.

पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालतात ते) समप्रमाणात घ्या. कपडा भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका. हलक्या हाताने पुसा, लगेच पाण्याने धुवा आणि नंतर शॅम्पूचा एक हात द्या. जुन्या डागांना दुसरी फेरी लागते. उघड्या ॲल्युमिनियमच्या आणि क्रोमच्या पट्ट्यांना हे मिश्रण लागू देऊ नका, त्या निस्तेज होतात.

दोन फेऱ्यांनंतरही वर्तुळाची कडा दिसत असेल तर क्षार गेलेत आणि खड्डा उरलाय. व्हिनेगर वाढवून उपयोग नाही. आणि कारण दूर केल्याशिवाय हे काम संपत नाही: गाडी धुतल्यावर तशीच वाळत ठेवण्याऐवजी एकेक पॅनेल लगेच टिपून घ्या. झाडांना पाणी घालणाऱ्या फवाऱ्याच्या टप्प्यात गाडी उभी राहत असेल तर आधी जागा बदला.

६. डांबराचे काळे ठिपके कशाने निघतात? रॉकेल चालेल का?

चालतं. डांबर पेट्रोलियमचंच असल्यामुळे पेट्रोलियमच्या द्रावणात विरघळतं. शॅम्पू त्याला काही करू शकत नाही. टार रिमूव्हर जास्त सोयीचं, कारण ते वास आणि तेलकटपणा कमी ठेवतं.

कापसाचा बोळा भिजवून ठिपक्यावर ३० ते ६० सेकंद दाबून धरा. ठिपक्याभोवती तपकिरी ओघळ दिसला की विरघळायला लागलं. मग एकाच दिशेने पुसा आणि प्रत्येक पुसण्याला बोळ्याची स्वच्छ बाजू वापरा, नाहीतर तेच डांबर, त्यात अडकलेल्या खडीच्या कणांसकट, पुढे फासलं जातं. शेवटी तो भाग शॅम्पूने धुवा, कारण द्रावणाबरोबर तिथलं वॅक्सही गेलेलं असतं. रबरी पट्ट्या आणि रंग न दिलेलं काळं प्लास्टिक यांना द्रावण लागलं तर लगेच पुसा. जवळ विडी-सिगारेट, ठिणगी नको, हे सांगायला नको.

पेट्रोलने मात्र पुसू नका. ते उडतं लवकर, पेट घेतं त्याहून लवकर, आणि डांबर विरघळायच्या आत वाळतं.

७. झाडाचा चीक काचेसारखा कडक झालाय. खरवडू का?

नको. ताजा चीक कोमट पाण्याने निघतो. कडक झालेल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला कापूस एक मिनिट ठेवा, मऊ झालेला थर पुसा, पुन्हा ठेवा. थर जाड असेल तर आधी ड्रायरने ऊब द्या (अंतर प्रश्न ४ मध्ये आहे), चीक लवचीक झाला की प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने उचला आणि उरलेल्यावर अल्कोहोल. घाई केली तर चिकाबरोबर क्लिअर कोटचा टवका येऊ शकतो, विशेषतः पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर.

चिपकून वाळलेल्या किड्यांनाही भिजवणंच लागतं. ओला कपडा पंधरा मिनिटं बॉनेटवर पसरून ठेवा, मग पुसा. किडे पुसायच्या जाळीदार स्पंजची गरज क्वचितच पडते आणि गडद रंगावर त्याचे ओरखडे दिसतात.

८. पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी-तपकिरी ठिपके आलेत. पत्रा गंजतोय का?

बहुधा नाही. हे बाहेरून आलेले लोखंडाचे कण असतात: ब्रेक पॅडची आणि डिस्कची धूळ, रेल्वेमार्गाजवळची धूळ, जवळपास वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग चाललं असेल तर तिथल्या ठिणग्या. ठिणगी तापलेली असताना येऊन क्लिअर कोटमध्ये रुतते, मग तीच गंजते आणि भोवती नारिंगी कडं दिसतं. काळ्या गाडीवरही हे कण असतातच, फक्त दिसत नाहीत.

गाडी धुतल्यावर आयर्न रिमूव्हर फवारा आणि ३ ते ५ मिनिटं थांबा. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावून जांभळे ओघळ येतात. वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. वास कुजक्या अंड्याच्या वळणाचा असतो, तेव्हा हातमोजे घाला आणि काम मोकळ्या हवेत करा. काहीच जांभळं झालं नाही तर डाग लोखंडाचा नाही. बाटली रिकामी करत बसू नका.

खरा गंज वेगळा दिसतो. रंगाचा टवका उडालेल्या जागेभोवती किंवा पत्र्याच्या कडेला रंग फुगतो, बोटाने दाबला तर पोकळ लागतो. त्यावर कोणतंही द्रावण चालत नाही; तो पत्र्यापर्यंत घासून, प्रायमर लावून पुन्हा रंगवावा लागतो.

९. क्ले बार नेमका कधी वापरायचा आणि कसा?

द्रावणांनी जे विरघळलं नाही पण बोटाला खरखरीत लागतं, त्यासाठी. जवळच्या रंगकामातून उडालेले रंगाचे बारीक तुषार हे याचं उत्तम उदाहरण. त्यांवर क्ले सरळ चालतो. आयर्न आणि टार रिमूव्हर आधी वापरलेलं असावं, म्हणजे क्लेवर कमी कण येतात.

४०-५० ग्रॅमचा तुकडा मळून चपटा करा. क्ले ल्यूब (क्ले सरकवायचं वंगण) किंवा लिटरभर पाण्यात झाकणभर कार शॅम्पू घालून ५० बाय ५० सेंटिमीटरचा भाग चांगला ओला करा. क्ले दोन बोटांनी धरून सरळ रेषेत मागे-पुढे फिरवा, गोल नको. वजन फक्त बोटांचं. सुरुवातीला अडखळल्यासारखा आवाज येतो; तो थांबला आणि क्ले सुळकन सरकू लागला की भाग झाला. दर पॅनेलला क्ले घडी घालून नवा पृष्ठभाग वर आणा. क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्या. धुऊन वापरण्याचा मोह होतो, पण त्यात रुतलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघा ओढतो.

क्लेने हलका धूसरपणा येतो, गडद रंगावर तो दिसतो, म्हणून नंतर पॉलिशचा आणि वॅक्सचा हात धरूनच चला. दर धुण्याला क्ले फिरवायची गरज नसते. खरखर लागली तरच.

१०. सिमेंटचे शिंतोडे सुकून दगड झालेत. निघतील का?

वेळ देण्याची तयारी असेल तर निघतात, पण खालचा रंग शाबूत असेलच अशी हमी नाही. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं आणि सेट होतानाच क्लिअर कोटला खातं. ताजं असेल तर तोंडाने काही न बोलता पाण्याचा पाइप घ्या आणि वाहत्या पाण्याने धुवा. कपडा लावू नका.

सेट झालेल्यावर पाणी निरुपयोगी, कारण सिमेंट पाण्यानेच घट्ट होतं. न पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये (आम्ल साधारण ५ टक्के) कापूस भिजवून शिंतोड्यावर ठेवा आणि वाळू नये म्हणून वर प्लास्टिकची फिल्म दाबा. दहा-पंधरा मिनिटांनी काढून पाण्याने धुवा. वरचा थर भुसभुशीत झालेला असतो, तो प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच पाडा, वाळूचे कण पुन्हा धुवा आणि पुढची फेरी करा. तीन-चार फेऱ्या सहज लागतात. मोठ्या प्रमाणावर उडालं असेल तर गाड्यांसाठी बनवलेलं सिमेंट रिमूव्हर घ्या. फरशी साफ करायचं तीव्र ॲसिड लावू नका: सिमेंट विरघळेल, पण त्याच्या वाफेने आजूबाजूचं क्रोम, बिजागऱ्या आणि उघडा पत्रा गंजायला लागेल.

११. दुसऱ्या गाडीचा रंग दाराला घासून लागलाय. थिनर लावू का?

आधी हे पाहा की लागलाय की गेलाय. समोरच्याचा रंग वर चढला असेल तर हाताला उंच लागतो. खाली आपला रंग कितपत खरवडलाय ते वरचा थर निघाल्यावरच कळतं.

आधी टार रिमूव्हर, मग अल्कोहोल. त्याने भागलं नाही तर बोटाला मायक्रोफायबर गुंडाळून त्यावर कंपाउंडचा थेंब घ्या आणि फक्त त्या रेघेवर दहा-पंधरा वेळा छोटे हात मारा, पुसून बघा, पुन्हा मारा. बहुतेक घासण याने जाते.

थिनरचं म्हणाल तर, कारखान्यात भट्टीत पक्का केलेला रंग क्षणभराच्या थिनरला दाद देत नाही, आणि म्हणूनच काही जण बिनधास्त सल्ला देतात. पण ते पॅनेल मधल्या काळात स्प्रे-कॅनने किंवा साध्या लॅकरने रंगवलेलं असेल तर रंग डोळ्यांदेखत विरघळतो, आणि जुनी गाडी घेतली असेल तर हे तुम्हाला बाहेरून कळत नाही. हेडलाइटच्या काचेवर (ती पॉलिकार्बोनेटची असते) आणि प्लास्टिकवर थिनर नकोच. नेलपेंट काढायच्या ॲसिटोनलाही हेच लागू.

१२. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, भांड्यांचा साबण, पांढरा मेलामाइन स्पंज, डब्ल्यूडी-४०… यातलं काय चालतं?

डब्ल्यूडी-४० डांबरावर आणि गोंदावर चालतं, पण तेलकट थर सोडतं, तो ओरखडे काही दिवस झाकतो आणि डाग गेल्याचा भास होतो. नंतर शॅम्पूने धुवाच. भांड्यांचा साबण वॅक्स काढून टाकतो. पॉलिशच्या आधी एकदा वापरला तर हरकत नाही, नेहमीच्या धुण्याला नको. टूथपेस्ट आणि सोडा घासतात, पण कणांचा आकार रंगासाठी ठरवलेला नसतो, त्यामुळे डाग जाऊन धूसर चट्टा राहतो. मेलामाइन स्पंज दिसायला मऊ, कामाला बारीक सँडपेपर. रंगापासून लांब ठेवा.

१३. द्रावणाने गेला नाही, आता पॉलिशच करायचं आहे. हाताने जमेल का?

एखाद-दुसऱ्या डागासाठी जमतं. अख्ख्या बॉनेटसाठी ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड गोल फिरता फिरता डोलतंही) घ्या. रोटरी मशीन (पॅड नुसतं गोल फिरतं) नवशिक्याच्या हातात एका जागी थांबलं की रंग जाळतं.

भाग धुऊन कोरडा करा. शेजारच्या काळ्या प्लास्टिकवर आणि रबरावर मास्किंग टेप लावा, नाहीतर पॉलिश त्यात शिरून पांढरं पडतं आणि ते काढणं हे डागाहून चिकट काम. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे दोन-तीन थेंब घ्या आणि ३० बाय ३० सेंटिमीटरपेक्षा मोठा भाग घेऊ नका. आधी आडवे, मग उभे सरळ हात, मध्यम दाब, एक-दोन मिनिटं. स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. मग पाण्यात १५ टक्के अल्कोहोल घालून एकदा पुसा, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे भरून खोटी चमक दाखवतं. टॉर्च तिरपा धरून तपासा.

बारीक पॉलिशच्या तीन फेऱ्यांनी फरक पडला नाही तरच कंपाउंड घ्या, आणि कंपाउंडनंतर पुन्हा बारीक पॉलिश करा, नाहीतर जागा धूसर राहील. पॅनेलच्या कडा आणि बॉनेटवरच्या उठावदार रेषा टाळा. तिथे थर मुळात पातळ असतो आणि सगळा दाब त्या अरुंद जागेवर येतो. रंग तिथूनच आधी उघडा पडतो. काम झालं की वॅक्स किंवा सीलंट लावा.

१४. स्टिकर काढला, गोंदही गेला, तरी त्याचा आकार दिसतोच. का?

आकार डागाचा नसून उन्हाचा आहे. स्टिकरखालचा रंग झाकलेला राहिला, भोवतालचा फिका आणि निस्तेज झाला. भोवतालच्या भागाला पॉलिश केलं की निस्तेजपणा कमी होतो आणि फरक मिटत जातो. मूळ रंगद्रव्यच उडालं असेल (लाल रंगात जास्त होतं) तर पॉलिशने ते परत येत नाही.

१५. ब्रेक ऑइल सांडलं तर?

हा डाग नव्हे, अपघात समजा. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉल इथरचं असतं, ते रंग मऊ करून उचलतं, पण पाण्यात सहज मिसळतं. तेव्हा कपडा शोधू नका, आधी भरपूर पाणी ओता, मग शॅम्पू. पुसलंत तर मऊ झालेला रंग कपड्याबरोबर येतो. बॅटरीचं ॲसिड सांडलं तर आधी पाणी, मग लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा, मग पुन्हा पाणी. डोळे आणि हात सांभाळा.

१६. छतावर पांढुरका चट्टा आहे. पॉलिश केलं की तो वाढतो. असं का?

तिथला क्लिअर कोट संपत आलाय किंवा सुटत चाललाय. चट्ट्यावर पाणी शिंपडा: ओला असताना नाहीसा झाला, वाळल्यावर परत आला, आणि कडेला पापुद्रा दिसत असेल तर शंका नको. पॉलिश थर काढतं. इथे थरच उरलेला नाही, म्हणून प्रत्येक फेरीने चट्टा पसरतो. पॅनेल पुन्हा रंगवणं हाच उपाय, वॅक्सने फक्त काही दिवस झाकलं जाईल. कडेला पापुद्रा नसेल आणि चट्टा फक्त धूसर असेल, तर मात्र ते ऑक्सिडेशन किंवा क्षार असू शकतात. प्रश्न ५ आणि १३ करून पाहा.

१७. मॅट रंग, पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म) आणि सिरॅमिक कोटिंगवर हेच उपाय चालतात का?

मॅट रंगावर पॉलिश, कंपाउंड, क्ले आणि वॅक्स यांपैकी काहीही नाही. मॅटपणा पृष्ठभागाच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे असतो. घासलं की तिथे चकचकीत ठिपका पडतो आणि तो परत मॅट करता येत नाही. भिजवणं, मॅटसाठीचा शॅम्पू, आणि फार तर अल्कोहोल. खाल्ला गेलेला डाग असेल तर पॅनेल रंगवणंच.

पीपीएफवर अल्कोहोल चालतं, टार रिमूव्हर थोडा वेळ ठेवून लगेच धुवा, आणि फिल्मच्या कडांवर द्रावण साचू देऊ नका. तिथला गोंद सुटतो. सिरॅमिक कोटिंगवर डाग पडतच नाहीत हा गैरसमज आहे. पाण्याचे डाग पडतात, फक्त लवकर निघतात. व्हिनेगर आणि आयर्न रिमूव्हर चालतं. पॉलिश केलंत तर त्या जागचं कोटिंग गेलं, ते पुन्हा लावावं लागेल.

१८. पॅनेल नुकतंच रंगवून आणलंय आणि त्यावर डाग पडला. काय करू?

फक्त साधं पाणी आणि सौम्य शॅम्पू, तेही लगेच. नव्या रंगातली द्रावकं उडून जायला वेळ लागतो. साधारण ३० दिवस वॅक्स, सीलंट, क्ले आणि द्रावणं लांब ठेवतात. भट्टीत वाळवलं असेल तर मुदत कमी असू शकते, ती रंगवणाऱ्यालाच विचारा.

१९. थिकनेस गेज घेतला तर किती रंग उरलाय ते कळेल का?

अर्धवट कळेल. गेज पत्र्यावरची एकूण जाडी दाखवतो, त्यातला क्लिअर कोट किती ते नाही. तरी ८० मायक्रॉनच्या खाली आकडा आला तर कंपाउंड हातात घेऊ नका. २०० च्या वर आला तर पॅनेल बहुधा पुन्हा रंगवलेलं आहे. ३०० च्या बरंच वर म्हणजे खाली पुट्टी असण्याची शक्यता. स्वस्त गेज फक्त लोखंडी पत्र्यावर चालतात, ॲल्युमिनियमच्या बॉनेटला दोन्ही धातू वाचणारा लागतो, आणि प्लास्टिकच्या बंपरवर हे गेज काहीच वाचत नाहीत. म्हणजे जिथे घासण सर्वात जास्त लागते, तिथेच अंदाजाने काम करावं लागतं.

२०. पॉलिश करताना कपड्यावर गाडीचाच रंग येतोय. थांबू का?

क्षणभर थांबा आणि गाडीचं वय पाहा. जुन्या काही गाड्यांवर, आणि काही वेळा स्वस्तात पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर, क्लिअर कोट नसतोच. रंग आणि चमक एकाच थरात असतात. अशा रंगाला पॉलिश केलं की कपडा रंगतोच, त्यात बिघाड काही नाही, फक्त हात हलका ठेवा. पण बाकीच्या गाडीवर कपडा पांढरा राहतो आणि एकाच जागी रंग येतो, तर त्या जागचा क्लिअर कोट भेदला गेला आहे. आणखी एकही हात मारू नका. तो भाग अल्कोहोलने पुसून तसाच ठेवा, वॅक्स लावू नका (वर रंग धरत नाही), आणि रंगकाम करणाऱ्याकडे न्या.